याला धार कोण लावणार

—ऐरणीवर नको. उचला. उचला ती सुरी तिथून, लंकाबाईंनी पाहिलं तर दोघांनाही बाहेर काढतील — मला आधी, तुम्ही निदान पाहुणे आहात. ऐरण म्हणजे काही टीपॉय नाही. बसा. त्या ड्रमवर नको, तो केरूभाऊंचा. इकडे, माझ्याशेजारी, या पाट्यांवर. ट्रकचे जुने पाटे आहेत, पँटला डाग पडेल, पण आलाच आहात तर पडू दे. काय नाव म्हणालात? शेखर. आणि नोकरी प्रेसमध्ये. म्हणजे आठवडाभर नोटा छापायच्या आणि रविवारी लोहारकाम. हसू नका, मी विनोद केलेला नाही. मला विनोद जमत नाही — चौतीस वर्षं इंजिनियरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं, वर्ग एकदाही माझ्यासमोर हसला नाही. पाठीमागे हसायचा, ते मला ऐकू यायचं.

बाई मागे कोळसा फोडतायत. येतील. केरूभाऊ, त्यांचे यजमान, गेट बसवायला गेलेत — ते आता गेटच करतात, ग्रिल, जिन्याचे कठडे, वेल्डिंग. खांदा गेलाय त्यांचा. भट्टी बाईंची आहे. घणही बाईच मारतात, हो, त्या वयात, आणि तुम्ही तोंड असं करू नका, त्यांच्या सासूनंही मारला आणि आईनंही मारला. नवरा सांडशी धरतो, बायको घण मारते, या लोकांत असंच चालतं. तुम्हाला व्हिडिओत दाढीवाले गोरे दिसले असतील. केरूभाऊही तेच बघतात, आणि मला विचारतात, सर, तो काय म्हणतोय? मी भाषांतर करून सांगतो. डॉक्टरेट आहे माझी.

अकरा वाजले का? मग येईलच. नाही, तुमचं कुणी नाही, मी टेम्पोची वाट पाहतोय. पुंजाराम म्हणून मुकादम आहे, पळसे-शिंद्याच्या मळ्यांत कांदा काढणाऱ्या बायांची टोळी घेऊन फिरतो. त्या बाया बसून कांद्याची पात कापतात दिवसभर, आणि त्यांचे विळे या भट्टीतून जातात. पंधरा दिवस झाले की झिजलेले परत येतात, बाई ते पुन्हा तापवून ठोकून देतात. आज येतायत, चोवीस. त्यांतला एक मी केलाय. एकच. फार मोठी गोष्ट नाही — म्हणजे तुमच्या दृष्टीनं नाही. तो फुटला असेल, वाकला असेल, कापणाऱ्या बाईनं भिरकावून दिला असेल, तर मला उद्यापासून घरी बसायचंय. लंकाबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. टिकला असेल तर हातोडा हातात मिळणार. म्हणून माझं लक्ष रस्त्याकडे आहे, तुमचा अपमान करायचा म्हणून नव्हे. अपमान मी तुमच्याकडे बघूनही करू शकतो.

आणा ती सुरी. आणा हो, दाखवायलाच आणली आहे ना. वा. शिसवी मूठ, पितळी खिळे, पात्यावर स्वतःचं नाव — ॲसिडनं कोरलंत? सुंदर अक्षर आहे. आता एक डोळा मिटा आणि पाठीवरून बघा. दिसलं? डावीकडे वळलीय. पाण्यात — तेलात घातलीत? इंजिन ऑइलमध्ये, अर्थात, व्हिडिओत तेच सांगतात — तर तेलात घालताना हात तिरका गेला, एक बाजू आधी थंड झाली. मग तुम्हाला ते दिसलं आणि तुम्ही दोन महिने पॉलिश करत बसलात. पॉलिशनं वाकडं सरळ होत नाही, वाकडं चकचकीत होतं. आणि इतकी जाड? काय कापणार हिनं? हरिण? नाशिक रोडला हरिण कुठे मिळतं? काकडी कापून बघितलीत का? नाही ना. कुणीच बघत नाही. हाताचे केस भादरून बघतात, मनगटं गुळगुळीत करून फिरतात. दाखवा मनगट. हं. माहीत होतं मला.

रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल, पण — मला कसं माहीत असेल, नाही का? हा बघा माझा हात. केस आत्ता कुठे पुन्हा आलेत.

मी इथे पहिल्यांदा आलो तो एका लेखासाठी. निवृत्त माणसाला लेख लिहावे लागतात, नाहीतर घरात विचारतात की आता काय करणार. आपल्याकडचे लोहार पोलादाला पाणी कसं देतात, असा विषय. तासभर उभा राहिलो, टिपणं काढली, चूक कुठे होते ते समासात लिहिलं. निघताना वाटलं, एकदा आपण ठोकून बघावं. एकदाच. बाईंनी एक लाल पट्टी धरून दिली, मी मारलं, आणि ते — ते दबलं, शेखरराव. मी आयुष्यभर फळ्यावर त्या पोलादाच्या आकृत्या काढल्या, ते दबतं हे मला माहीत होतं, पण ते माझ्यामुळे कधी दबलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा आलो. मग मंगळवार-शुक्रवार. मग रोज. सरोजिनीला सांगायचो वाचनालयात जातो. तिला महिनाभरात कळलं, कारण वाचनालयात सदऱ्याला जळून भोकं पडत नाहीत. भोकं रफू केली, आणि नंतर तेही सोडलं.

तिच्यासाठी मी सुरी केली होती. चार महिने लागले. पहिली पाण्यात घातली आणि टिंग — बस, एवढाच आवाज, बारीक, चमचा पडल्यासारखा. बाहेर काढली तर मधोमध तडा. या तड्यावर मी दर वर्षी दोन तास व्याख्यान देत असे. का पडतो, कसा पडतो, किती अंशांना पडतो. आवाज येतो हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरी टिकली. घासली, मूठ बसवली, सरोजिनीला दिली. तिनं टोमॅटोवर ठेवली, टोमॅटो चेचला. मग ओट्यावरची पिवळ्या मुठीची दातेरी सुरी घेतली — बाजारात वीस रुपयांना मिळते, कचऱ्यात टाकायच्या लायकीची — आणि भराभरा सगळे टोमॅटो कापून टाकले. म्हणाली, तुमची सुरी शोकेसमध्ये ठेवू या का? चांगल्या मनानं म्हणाली. ती शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांना दाखवते, यांनी केलीय म्हणून. तुमचीही तिथेच जाणार. बायको असेल तर विचारा.

आला का? नाही. ट्रॅक्टर आहे.

हातोडा मिळणार म्हणजे काय असं विचारलंत का तुम्ही? चेहऱ्यावर दिसतंय. मग सध्या मी काय करतो? पंखा फिरवतो. तो, भट्टीला हवा देतो तो, हँडल असलेला. गेलं वर्षभर. मी इथला कुणी गुरू वगैरे नाही. तुमचा तसा समज झाला असेल तर तो मी होऊ दिला, त्याबद्दल — जाऊ द्या. आधी हातोडा होता माझ्याकडे. मग काढून घेतला.

सांगतो. सांगायचं नव्हतं, पण टेम्पो येत नाही आणि तुम्ही उठत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत बाई मनमाडला भाचीच्या लग्नाला गेल्या तीन दिवस. पुंजारामची ऑर्डर होती, तीस विळे. केरूभाऊ म्हणाले, बाई आली की करू. मी म्हटलं, कशाला, आपण करू, आणि शास्त्रशुद्ध करू. बाईंची पद्धत मला तेव्हा अडाणी वाटायची — फक्त धारेची कड पाण्यात बुडवायची, अर्धं बोट, काढायची, मागची ऊब धारेकडे उतरू द्यायची, रंग बघायचा, आणि मग सगळा विळा पाण्यात. रंग बघायचा. उजेडात लाल नीट कळत नाही म्हणून तो गोणपाटाचा पडदा ओढायचा आणि डोळ्यांनी बघायचं. मी तापमान मोजायचं यंत्र आणलं. तेल आणलं. तीसच्या तीस विळे पूर्ण कडक केले. एक कॉलेजात नेऊन कठीणपणा मोजून आणला. माझ्या वेळचा लॅबवाला अजून आहे तिथे, त्यानं छापील कागद दिला. जीवन त्याचं नाव, तो म्हणाला, सर, असा आकडा आपण प्रॅक्टिकलला कधी काढला नव्हता. आणि मी प्रत्येक विळ्यावर शिक्का मारला. 'ढुं'. माझ्या नावातला, ढुंढिराजमधला. तुम्ही नाव कोरलंत म्हणून मघाशी मी टोमणा मारला ना. तीस शिक्के मारलेत मी.

विळे दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो परत आला. इथे, या दारात. पुंजारामनं गोणी उलटी केली फक्त. बाया टेम्पोत मागे उभ्या राहून आल्या होत्या, सगळ्या. एकही विळा फुटला नव्हता. वाकला नव्हता. मला वाटलं, कौतुक करायला आल्या की काय — तुम्ही हसा, हसा, मला खरंच एक क्षण तसं वाटलं. कांदा मातीतला असतो. कितीही कडक पोलाद असू दे, मातीनं धार जातेच, अर्ध्या दिवसात जाते. मग बाई काय करते? बांधावरचा दगड घेते, दोनदा इकडे, दोनदा तिकडे, की पुन्हा कापायला बसते. दिवसातून दहादा. त्यांच्यात साधना म्हणून एक बाई आहे, तिनं पिशवीतून दगड काढला आणि माझा विळा सगळ्यांसमोर त्यावर ओढला. पाच वेळा. आणि दोन्ही माझ्यासमोर धरले. विळ्यावर ओरखडा नव्हता. दगडाला खाच पडली होती.

ज्या गोष्टीचा छापील कागद मी खिशात घेऊन फिरत होतो, तीच. त्या धारेला दगड लागत नव्हता. अर्धा दिवस त्या बाया बोथट विळ्यांनी पात ओढत बसल्या, हात सुजले त्यांचे. लंकाबाई त्याच संध्याकाळी मनमाडहून आल्या. माझा एक विळा घेतला, अंगठा फिरवला, शिक्का बघितला. म्हणाल्या, "सर, लय भारी केलाय. याला धार कोण लावणार? तुम्ही येणार का मळ्यात?"

एवढंच. मी चार हजार मुलांना शिकवलं, शेखरराव, कठीण म्हणजे उत्तम असं शिकवलं. म्हणजे पुस्तकात तसं नाही, पुस्तकात कामाप्रमाणे ठरवा असं आहे, ते वाक्य मीच फळ्यावर लिहायचो. पण मार्क मी आकड्याला द्यायचो. त्या मुलांनी पुढे काय काय कडक करून ठेवलं असेल कुणास ठाऊक. बाईंनी ते तीस विळे पुन्हा तापवून एकेक नीट केले. पुंजाराम तोवर हार्डवेअरच्या दुकानातून तयार विळे घेऊन गेला, आणि तो सबंध हंगाम इथे फिरकला नाही. म्हणजे बाईंची एक टोळी गेली माझ्यामुळे. माझ्या जागी तुम्ही असतात तर पुन्हा आला असतात? मी आलो. लाज नाही म्हणा. दुसऱ्या दिवशी सातला आलो आणि पंख्यापाशी बसलो, कारण तिथे कुणी बसत नाही. बाईंनी बघितलं. आठवडाभरानं म्हणाल्या, हळू फिरवा, कोळसा उडतो.

यंदा पुंजाराम परत आला. बाईंनी चोवीसमधला शेवटचा विळा मला करायला दिला. तेल नाही, यंत्र नाही, पडदा ओढून, डोळ्यांनी. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मला कडेचा रंग दिसला. दिसला असं वाटलं. शिक्का मारायला त्यांनी मनाई केली होती. इतर तेवीस विळ्यांत मिसळून टाकला त्यांनी, कुणाला न सांगता. रोज रात्री मला वाटतं, एक सेकंद उशीर झाला. सकाळी वाटतं, एक सेकंद घाई झाली.

थांबा. हा टेम्पोच आहे.

बसून राहा. उठू नका, काही विचारू नका. पुंजाराम आहे तो, टोपीवाला. बाया नाहीत बरोबर. बाया नाहीत हे बरं ना? तक्रार असती तर बाया आल्या असत्या. असं धरायला हरकत नाही, पण — ओतली गोणी. बाई आल्या. तो काय सांगतोय? तुम्हाला ऐकू येतंय का, मला त्या बाजूचं कमी येतं. पाणी मागतोय? पाणीच मागतोय. बरं. विळ्यांबद्दल काही? काहीच नाही?

एक मिनिट. मी नुसता बघून येतो.

...तुम्ही जरा इकडे या, तुमची नजर चांगली आहे. माझा मुठीपाशी किंचित जाड होता, तीन-चार केसांइतका. हा? नाही, हा पण तसाच आहे. हा बघा. याच्या धारेवर दगडाच्या रेघा आहेत. याच्याही. याच्याही आहेत. सगळ्यांवर आहेत हो. तेवीस, चोवीस — सगळे आहेत, एकही फुटलेला नाही, सगळ्यांना दगड लागलाय, सगळे झिजलेत. म्हणजे माझाही झिजलाय. कोणता आहे तो? हा असेल. नाही. बाईंना विचारलं तर म्हणतात, असंल त्यातच. त्यांनाही ओळखू येत नाहीये, किंवा येतंय आणि सांगत नाहीयेत. अहो, मी वर्षभर एका विळ्यासाठी — आणि तो कुठला ते मला —

काय? मला? हो बाई. हो, आलो.

ऐका, शेखर. पडदा ओढा तो, पूर्ण. त्या पंख्यापाशी बसा. माझ्या जागेवर, हो, गोणपाट आहे त्यावरच. हँडल हळू फिरवायचं, कोळसा उडता कामा नये. ती सुरी पिशवीत घाला, इथे परत काढू नका. आणि काही विचारायचं असेल तर विचारू नका, मी हातोडा घेतलाय हातात, मला बोलता येणार नाही.