पाया कोणी पक्का केला?

...आणि नऊ. पन्नासपैकी नऊ, तेही गणितात, आणि बाप कोण, तर बावीस वर्षं गणिताचा मास्तर. आता तुम्हाला सांगते, आमचे हे शिकवतात सरकारी शाळेत, पण लेकीला घातलं खासगीत, का तर म्हणे "पाया पक्का हवा". मी म्हटलं, मग तुमच्या शाळेत काय वाळूवर बांधता?

लेकीच्या शाळेत एकेका विषयाला दोन-दोन बाई, छापील नोट्स, उत्तरंसुद्धा तयार, पोरीने नुसतं गिळायचं... आणि कॉलेजात गेली तर तिथले सर फळ्यावर एक गणित टाकतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. पोर हबकलीच. सोमवारी फेरपरीक्षा, त्यात गेली की वर्ष गेलं. ती जेवेना, बोलेना, आणि ह्यांच्या स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर येरझाऱ्या, तोंडाने आपलं "पाया तर पक्का होता, पाया तर पक्का होता"...

आणि वर्गात पहिली कोण? ह्यांच्याच शाळेतली, कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी. लेकीनेच तिला रविवारी घरी बोलावलं. खोलीचं दार लोटलेलं, हे बाहेर कान लावून, आणि आत काय... शांतता. मग आमची रडवेली, "पुढची पायरी सांग ना." तर ती म्हणते, "तू शोध. मी थांबते." वीस मिनिटं, तुम्हाला सांगते, नुसतं घड्याळ वाजत होतं. ह्यांना राहवेना, पेन्सिल घेऊन आत घुसले, तर ती हळूच म्हणाली, "सर, नको. तिला सुटतंय." आणि सुटलं हो.

फेरपरीक्षेत पोर काठावर पास झाली. ह्यांची छाती ही एवढी. त्या मुलीला मुद्दाम चहाला बोलावून विचारतात, "शाळेत तुझा पाया पक्का कोणी केला?"

"तुम्हीच, सर. तुम्ही गणित लिहून द्यायचात आणि ऑफिसात मतदारयाद्या करायला जायचात ना, मग तास संपेपर्यंत आम्हीच झगडत बसायचो."

हे हसले. तिने कप खाली ठेवला.

"आम्ही चौघी बसायचो, सर. बाकीच्या चाळीस जणी उठून जायच्या. त्यांतली एकही कॉलेजात नाही."

हसू तिथल्या तिथे सुकलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या याद्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या आणि सरळ वर्गावर गेले. तेव्हापासून रोज जातात, घसा बसेपर्यंत शिकवतात.

काल नोटीस आली. कामचुकारपणाची. "नेमून दिलेले काम सोडून आपण वारंवार वर्गात शिकवताना आढळलात. तीन दिवसांत खुलासा करावा."

करतायत आता. बसलेत आत, खुलासा करत.