मंगेशच्या सायकलची नवी चाकं

त्या दिवशी सकाळी जरा गार होतं हो, म्हणजे आपल्या बोरीवलीत असतं तेवढंच. लोक हौसेने स्वेटर घालून दूध आणायला निघालेले. आमचा मंगेश मात्र हाफ पॅंटीत, खाली सायकलपाशी.

सायकल आपली साधीच, रेसच्या सायकलीसारखी दिसणारी स्वस्तातली. डॉक्टरने साखर वाढलीय म्हणून सांगितलं, तरी सायकल जिन्याखाली पडून. का, तर म्हणे चाकं जड आहेत! शेवटी सूनबाईने नवी हलकी, भारीतली चाकं घेऊ दिली, पण रोज अर्धा तास बिल्डिंगला फेऱ्या मारायच्या, ह्या बोलीवर.

मंगेशने सायकल उचलून हाताने मागचं चाक फिरवून दाखवलं, तर किर्रर्र आवाज.

मी म्हटलं, "तेल घालू काय रे?"

"अहो बाबा, भारी चाकं अशीच वाजतात. पायडल मारायचं थांबवलं की वाजतात."

तळमजल्यावरची परबांची सुषमा खिडकीत कपडे वाळत घालत होती. तिनेही ते ऐकलं.

मंगेश निघाला आणि बिल्डिंगमागे वळला. थोड्या वेळाने तिकडून किर्रर्र सुरू झालं, ते थांबेचना. सूनबाई वर गॅलरीत आली, एकदम खूश.

"ऐकलंत बाबा? कसे दणादण चालवतायत! आता साखर उतरणारच."

सुषमाने हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली आणि मला हळूच म्हणाली, "काका, पायडल थांबवलं की वाजतं ना ते? मग मघापासून सारखं वाजतंय, म्हणजे हा पायडल मारतोय कधी?"