धोंडिबानं निवडलेला डबा

मंडळी,

शाळेच्या या पटांगणात आज पाय ठेवायला जागा नाही. पहिल्या पाळीचे लोक कारखान्यातून थेट आलेत, दुसऱ्या पाळीचे रजा टाकून आलेत, चाकणहून तर बैलगाड्या जुंपून माणसं आलीत. बोलायला उभं राहणं कठीण झालंय, आणि खरं सांगतो, ते नुसतं दुःखानं नाही. मी मघापासून डोकी न्याहाळतोय आणि मनात म्हणतोय, माझ्या वेळेला यातले किती येतील? धोंडिबा, गेलास तरी तू मला स्वस्थ बसू देत नाहीस.

मी धोंडिबाचा मत्सर करायचो. चार वर्षं केला. एका भिंतीच्या अंतरावरून केला. आधीचे वक्ते म्हणाले, तो देवमाणूस होता. असेलही. पण देवमाणसाच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड करून पाहा, मग बोला.

चाकणच्या मंडळींना माझी ओळख नसेल. मी कारखान्यात कारकून. साहेबांच्या इंग्रजी नोटिसा मराठीत करतो, आणि रविवारी लोकांची टिंगल करणारे लेख लिहितो. धोंडिबा औषधखात्यात वजनकाट्यावर होता. त्याआधी चाकणच्या बाजारात मापाडी. त्याला अक्षर येत नव्हतं, पण काटा हलायचा थांबला की नाही, हे तो श्वास रोखून सांगायचा.

लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. सुमा. महिनाभराची झाली आणि रडायला लागली. दिवेलागण झाली की मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची. पोट नगाऱ्यासारखं. हिंग झाला, ओवा झाला, बाळगुटी झाली. मालतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, दूध पुरत नव्हतं. म्हणून हे रडं सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच डॉक्टर म्हणाले होते, वरचं द्या, डब्यातली पावडर द्या.

कोणती पावडर? मंडळी, तुम्ही हसाल, पण एवढी चर्चा आमच्या चाळीत निवडणुकीलासुद्धा झाली नव्हती. आमचे हेडक्लार्क म्हणाले, निळा डबा घ्या, विलायती आहे. शेजारी म्हणाले, छे, पिवळा, त्यावरचं पोर बघा कसं गुबगुबीत आहे. आधी निळा आणला. सुमा रडली. मग पिवळा आणला. सुमा जास्त रडली. मग पुण्याच्या कॅम्पातून एक हिरवा डबा पैदा केला. तर सुमाचं रडणं चिंचवडच्या स्टेशनापर्यंत ऐकू जायला लागलं.

आणि सगळे डबे मीच कालवत होतो. लेबल इंग्रजी, इंग्रजी घरात मला एकट्याला येतं, म्हणून तो अधिकार माझा. कामावर जायच्या आधी एक बाटली, आल्यावर एक. मालतीनं एकदा चमचा उचलला, तर मी म्हणालो, "ठेव तो. वाचता येतंय का तुला त्यावरचं?"

आमच्या आईनं निदान केलं ते वेगळंच. "डब्याचा काय दोष? हिच्या अंगावरचंच नासकं असणार. त्याच्यात हे मिसळतं." मालतीनं डाळ सोडली. भाजी सोडली. मीठ-भात खाऊन राहिली. सुमा रडायचीच.

आता धोंडिबा. पहिल्या पाळीहून येऊन तो ओट्यावर बसायचा. एके दिवशी म्हणाला, "वैनी, आना हिकडं त्या बयेला." आणि त्यानं तिला दंडावर पालथी घातली, पाठीवर हात फिरवला, आणि पोरगी गप्प. मंडळी, गप्प! माझ्याकडे दिली की किंकाळी, त्याच्याकडे गेली की गप्प. मालती म्हणाली, "अहो, बघा ना, भाऊजींचा हात कसा आहे." मी बघितलं. तो दिवस, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस, मी तेच बघितलं.

सुमा पहिल्यांदा हसली ती त्याच्या मिशा बघून. मीही त्या वर्षी मिशा ठेवल्या होत्या. का ठेवल्या, हे आज पहिल्यांदाच सांगतोय. मला बघून ती पुन्हा रडली.

एका संध्याकाळी धोंडिबा सुमाला दंडावर घेऊन आमच्या चुलीपाशी उभा राहिला. मालती बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. मी हिरव्या डब्यातून पावडर घेत होतो. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"भाऊसायेब, दुपारी ही रडत न्हाई. ध्यानात आलं का?"

"दुपारी मी घरी नसतो," मी म्हणालो. "मला कसं कळणार?"

"त्येच म्हंतो मी." मग हळूच म्हणाला, "चमच्यावर शीग कशापायी?"

"म्हणजे?"

"डोंगर केलाय न्हवं तुमी त्याच्यावर. डब्यावर काय लिवलंय?"

काय लिहिलं होतं? लिहिलं होतं, चमचा सपाट भरावा. सुरीच्या पाठीनं वरचं काढून टाकावं. मी वाचलं होतं. तिन्ही डब्यांवरचं वाचलं होतं. पण अकरा वर्षांनी झालेली लेक, आणि तिला रेशनच्या दुकानदारासारखं मोजूनमापून द्यायचं? हात होईना. घरात धान्य मापलं तरी आपण वर शीग लावतोच ना? तशी मी लावत होतो. दर चमच्याला. दर बाटलीला. त्या एवढ्याशा पोटात मी माया ठासून भरत होतो.

"बाजरीला शीग लावावी," तो म्हणाला. "ह्ये काट्यावरचं काम हाय. मी एक चिमूट जास्त टाकली तर अख्खी खेप फेकत्यात आमच्यात." आणि सुरी उचलून, एका हातात माझी लेक तशीच ठेवून, त्यानं चमचा सपाट केला.

तेवढ्यात मालती आत आली. मी मान खाली घालून उभा. आता हा सांगणार. मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं असतं, चाळभर सांगितलं असतं, वर रविवारचा लेख लिहिला असता.

धोंडिबा म्हणाला, "वैनी, ह्यो हिरवा डबा चांगला हाय. आता ह्योच ठिवा. बदलू नगा."

आठ-दहा दिवसांत सुमा निवळली. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने झाले की बरीच मुलं आपोआप थांबतात. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पण चाळीत बोलबाला झाला, धोंडिबानं डबा निवडला म्हणून पोर गप्प झालं. बायका आपापले डबे घेऊन त्याच्या ओट्यावर! त्याला वाचता कुठं येत होतं? तो डबा फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "हाय की चांगला. फकस्त चमचा सपाट घ्या." सगळ्यांना वाटायचं, मापाड्याची खोड.

मी काय केलं? लेख लिहिला. अक्षरशत्रू दुग्धपंडितावर. लोक खूप हसले. त्यानं तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि ओट्यावरूनच मला हाक मारली, "भाऊसायेब! झ्याक लिवलंय. चमच्याचं तेवढं ऱ्हायलं जनू?" आणि मिशीत हसला. पुन्हा त्यानं तो विषय कधी काढला नाही. गेल्या मंगळवारी काट्यापाशीच छातीत कळ येऊन तो खाली बसला, तोवर नाही.

मंडळी, त्याच्या हाताचा मत्सर मी पचवला असता. मिशांचाही पचवला असता. पण हा माणूस माझी चूक माझ्याहून जपून ठेवत होता, त्याचं काय करायचं? तसं मला एक दिवसही जमलं नाही, आणि म्हणून मला तो सहन होत नव्हता.

मालती तिकडे बायकांमध्ये बसली आहे. आमची आई जाऊन दोन वर्षं झाली. पण आजही सुमाचं पोट दुखलं की मालती म्हणते, "माझ्याच दुधाचा दोष, पहिल्यापासून." आजही म्हणते. मी समोर बसून ऐकतो आणि वर्तमानपत्र उलटतो.

मालती, तुझ्या दुधात काही नव्हतं. डब्यातही काही नव्हतं. निळ्यात नाही, पिवळ्यात नाही. जे होतं ते माझ्या हातात होतं. धोंडिबाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुला सांगायचं काम त्यानं माझ्यावर सोडलं होतं, आणि मी चार वर्षं ते केलं नाही.

धोंडिबा, राम राम. तुझा मत्सर संपला असं खोटं बोलणार नाही.

आता आपण सगळे त्याच्यासाठी थोडा वेळ उभे राहू आणि काही बोलणार नाही. मालती उठली नाही, तर कुणी तिला उठवू नका.