पथ्य माझं, गुण अक्काचा

नाही, पण मला एक सांगा, सुतळीनं कधी कुणाची कंबर मोजतात का? सुतळीनं म्हशीचं दावं मोजावं, फार तर पोत्याचं तोंड बांधावं... आणि घरात शिंप्याची चांगली आकडे घातलेली टेप असताना, ती मी बेळगावातनं मुद्दाम आणलेली असताना, माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, काय करावं? टेप बघितली तशा दोन पावलं मागं सरल्या आणि म्हणाल्या, "जित्या माणसाचं माप घ्यालीस व्हय गे? लाकडं किती लागत्याल ते बघाय?" आता ह्याच्यावर शिकलेल्या माणसानं काय बोलायचं? मी टेप गुंडाळून ठेवली. तासाभरानं परसात जाऊन बघते तर माझी थोरली जाऊ, गिरजाक्का, गोठ्यातली सुतळी आत्तींच्या पोटाभोवती फिरवतीये आणि आत्ती दोन्ही हात वर करून खुदखुदतायत, "गुदगुल्या हुत्यात की गे." गाठ मारलेली सुतळी अक्कानं माझ्यापुढं धरली. "घे, आता हे तुझ्या पट्टीवर मोज." एक्केचाळीस इंच. आकडा माझ्या वहीत आला खरा, पण आला तिच्या हातनं.

मी जळत नाही, हे आधीच सांगते. बी.ए. झालेली बाई, तेही गृहशास्त्र घेऊन, चौथी पास बाईवर कशाला जळेल?

मुळापासनंच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं मधनंच सुरू केलं. सुप्याच्या धरणाच्या पाण्यात जुनं गाव जायच्या आधी आत्ती म्हणे दिवसातनं तीन वेळा डोंगर चढायच्या, डोक्यावर गवताचा भारा. मग घर रामनगरला आलं, धान्याचं दुकान घातलं, आणि आत्ती दुकानातल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. हाताशी बत्ताशांची बरणी, चहात तीन चमचे साखर, दुपारी भाताचा डोंगर, म्हणजे चढायचा डोंगर गेला आणि खायचा आला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हतेच. ते म्हणे असेच जाडजूड, हसते-खेळते, आणि एक दिवस दुकानात माप घालता घालता बसले ते उठलेच नाहीत. पंचावन्नावं वर्ष. म्हणून मागच्या मे महिन्यात आत्तींना चक्कर आली तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा असा पांढरा पडला, मला म्हणाले, "आईचं तू बघ. तू शिकलीयस." चार वर्षांत ह्या घरात मला कुणी 'तू बघ' म्हणालेलं हे पहिलंच. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा तरी विचारून लावायचा, आणि इथं अख्खी सासू ताब्यात! माझ्या छातीत धडधडायलाच लागलं.

धडधडायला मला तसं काही लागत नाही म्हणा. बेळगावच्या डॉक्टरांनी आत्तींच्या दंडाला पट्टा बांधला, फुस्स करून हवा सोडली, आणि मी ओरडले. आत्ती नाही, मी. डॉक्टरांनी चष्म्यावरनं बघितलं. "पेशंट कोण आहे ह्यातला?" मग कागद बघून म्हणाले, हा एक आजार नव्हे, ही टोळी आहे. पोटाचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, चौघं हातात हात घालून हिंडतात. नाव काहीतरी मोठं सांगितलं, मेटाबोलिक सिंड्रोम का काय, मी वहीत लिहून घेतलं. सकाळी जेवणानंतर एक बारीक गोळी दिली, आणि म्हणाले, खरं औषध ताटात आहे. साखर बंद, भात मूठभर, नाचणी, भाजी, रोज चालणं, वेळेवर खाणं, आणि दुसरं काही पाला-मुळ्या घेणार असाल तर आधी मला विचारा. मी सगळं लिहिलं. शेवटच्या वाक्याखाली रेघसुद्धा मारली, बघा.

घरी आल्या आल्या साखरेचा डबा रिकामा केला, बत्तासे वाटून टाकले, तक्ता करून भिंतीला लावला. आत्तींनी तक्ता बघितला आणि अक्काला विचारलं, "टोळी कुठली म्हंतीय ही? आमच्या घरात कुणी शिरलंय व्हय?"

आता गिरजाक्का. तिचं माहेर अणशीकडं, जंगलातच म्हणा ना. तीन पोरं झाली तरी कंबर माझ्या मनगटाएवढी, आणि खाते केवढं, अहो मी बघते, मोजत नाही पण बघते... भाताचे दोन ढीग, वर कढी, वर पुन्हा भात. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी ब्लाउज उसवावा लागतो. पण मी जळत नाही. शरीर ज्याचं त्याचं असतं.

तर तिनं काय केलं, तिच्या भावाला, कान्हूला, निरोप धाडला. तो आला जंगलातनं, पिशवीत कडू किराईताच्या काड्या आणि होन्न्याच्या, म्हणजे आपल्या बिबळ्याच्या, लाकडाचा कोरलेला पेला घेऊन. ह्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते चहासारखं तांबडं होतं, उन्हात धरलं की मोरपिसासारखी निळी झाक मारतं, आणि ते प्यायलं की साखर उतरते म्हणे. मी म्हटलं, "अक्का, डॉक्टरांना विचारायला पाहिजे." म्हणाली, "डाक्टरला आमच्या आज्ज्यानं कवा विचारलं न्हाई, नव्वद वर्सं जगला." आत्तींनी पेला तोंडाला लावला आणि गटागटा प्यायल्या. वर किराईताचा काढा, जो नुसता वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आणतो, तोही. "कसं लागलं आत्ती?" मी विचारलं. "थंड वाटलं बघ पोटाला." आणि मी आदल्या दिवशी कारल्याचा रस दिला होता, आलं घालून, लिंबू पिळून, तर काय म्हणाल्या माहीत आहे? "मला माराय बसलीस व्हय?"

महिन्यानं परत बेळगावला गेलो. साखर उतरलेली. डॉक्टर खूश. "छान, घरी कोण बघतं तुमचं?" मी वही छातीशी धरून अर्धी उठलेच होते खुर्चीतनं. आत्ती म्हणाल्या, "थोरली सून."

बसले परत. मी जळत नाही. पण माणसाला वाईट तरी वाटू शकतं की नाही?

आणि काढ्याबद्दल सांगायचं होतं डॉक्टरांना, जिभेवर आलं होतं, रेघ मारलेली होती की वहीत... पण सांगितलं असतं तर साखर काढ्यानंच उतरली असं ठरलं नसतं का? म्हणून गप्प बसले. हे मी तुम्हालाच सांगतेय हं, कुठं बोलू नका.

घरी आल्यावर मी ठरवलं, बघू कोण उतरवतं साखर. जांभळाच्या बिया वाळवल्या, पूड केली, आणि आत्तींच्या भाकरीच्या पिठात गुपचूप मिसळली. रात्री मेथ्या भिजत घालून सकाळी त्याचं पाणी, 'पोटाला चांगलं' म्हणून. कारल्याचा रस ताकातनं. आता मला काय माहीत, तिकडं अक्कासुद्धा पेटलीय म्हणून? आमच्या ह्यांनी एकदा जेवताना थोरल्या भावापुढं माझ्या तक्त्याचं कौतुक केलं, एवढंच, तर तिनं दुसऱ्या दिवसापासनं काढा दोन वेळा केला आणि पेलाही दोनदा. मी तिला सांगत नव्हते, ती मला सांगत नव्हती, आणि आत्ती सगळंच पीत होत्या. सकाळची गोळी वेगळीच.

आला श्रावण. पहिला सोमवार. आत्तींचा उपास. गोळी जेवणानंतरची, पण आत्तींना वाटलं, गोळी काय अन्न आहे का, तिनं उपास मोडत नाही, घेतली. काढा घेतला, तो पाण्यासारखाच. मेथीचं पाणी घेतलं. आणि खाल्लं काय? मला वाटलं, अक्कानं केळं दिलं असेल, उपासाचं नेहमी तीच बघते. अक्काला वाटलं, धाकलीच्या तक्त्यात बसत नसेल, म्हणून दिलं नाही. वाजले अकरा. दुकानाच्या पायरीवर आत्ती शेजारच्या शकुंतलाक्कांशी बोलता बोलता थांबल्या. मी बघितलं तर कपाळावर घाम, हात थरथरतायत, आणि नजर... कुठं बघत होत्या कुणास ठाऊक. "आत्ती," म्हटलं, तर मला म्हणाल्या, "भारा उतरून घे गे, मान गेली." भारा कुठला? डोक्यावर काही नव्हतं.

मी किंचाळले. हातातलं सूप टाकलं, तांदूळ सगळीकडं, आणि मी पळाले कुठं तर वही आणायला. पान उलटतेय, उलटतेय... घाम, थरथर, बरळणं... साखर कमी झाली असेल तर ताबडतोब गोड द्या. "अक्का, साखर, साखर आणा!"

अक्का आत्तींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "साखर? तूच घालवलीस न्हवं घरातनं?"

अहो, घरात गोडाचा कण नव्हता. मीच ठेवला नव्हता. सासरे ह्याच जागी गेले, ह्याच पायरीमागं, आणि मी रिकामा डबा उघडून आत हात फिरवतेय. तेवढ्यात अक्का उठली, धावत गोठ्यात गेली, कोंड्याच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेला गुळाचा खडा काढला. स्वतःच्या चहासाठी माझ्यापासनं लपवलेला. पाण्यात कोळून आत्तींना थोडा थोडा पाजला. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मी आत्तींचे पाय धरून बसले होते, सोडवत नव्हते. मग आत्तींनी डोळे नीट उघडले, ओठ चाटले आणि म्हणाल्या, "आजून हाय काय गे?"

मला रडूच फुटलं. आणि खरं सांगू? रडता रडतासुद्धा मनात आलं, गूळ पण हिच्याकडेच सापडावा?

बेळगावला डॉक्टरांपुढं दोघी उभ्या राहिलो, शाळेत उभं करतात तशा. "कोण काय देत होतं?" मी जांभूळ म्हटलं. अक्का किराईत म्हणाली. मी मेथी. ती पेला. मी कारलं. ती, दुसरा पेला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "औषधं ही दुकानातली असोत नाहीतर झाडाची असोत, साखर उतरवणारी सगळी एका वेळी एकाच पोटात गेली तर पोटानं काय करायचं? वर उपाशी?" मग ओरडले, मी दचकले. काढे बंद, पूड बंद, आणि पथ्य एकाच बाईनं बघायचं. कोण? मी खाली मान घातली. अक्का म्हणाली, "धाकली बघंल. ती शिकलीया. म्या आडाणी बाई, मारलं असतं मी त्यास्नी." असं सरळ म्हणाली. मला इतके दिवस जे पाहिजे होतं ते तिनं असं पदरातनं काढून द्यावं तसं दिलं, आणि मला काही म्हणून आनंद झाला नाही. भांडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर झाले मी मुख्य. भात मूठभर, मी वाढणार. चहा बिनसाखरेचा, मी देणार. सकाळ-संध्याकाळ नाक्यापर्यंत चालायला, मी हाकणार. आणि शिव्या? त्याही मीच खाणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्ती सांगायच्या, "धाकली चिमणीचा घास घालतीया बघा मला." नाचणी, मेथी, तीळ आणि दोनच खजूर घालून मी पथ्याचे लाडू केले, डॉक्टरांनी तोलूनमापून मंजूर केलेले, एका दिवसाला एक. आत्तींनी अर्धा चावला, बाहेर काढून बघितला आणि कोंबडीला घातला. कोंबडीनं खाल्ला, एवढंच समाधान.

पण आठ दिवसांनी बघते तर दुपारी आत्ती परसात जातात, अक्का मागनं जाते, पदराखाली काहीतरी असतं, आणि आत्ती भिंतीआड उभं राहून डोळे मिटून खातात. माझं रक्त उसळलं. गोड चारते ही! गेले आडवी. "अक्का, हात दाखवा." दाखवला. लाडू. मोडून तोंडात टाकला आणि... नाचणी, मेथी, तीळ, दोन खजूर. माझाच. मी कपाटात ठेवलेल्या डब्यातला.

"चोरून कशाला देताय?"

"उगडपणी दिला तर खाईल व्हय ती? तू दिलास तवा कोंबडीला घाटला. मी सांगितलं, धाकलीला कळू देऊ नगासा, गुळाचा हाय."

आता ह्याच्यावर तुम्हीच सांगा, भांडायचं कशावर? तेव्हापासनं असं चाललंय. लाडू मी करते, अक्का चोरते, आत्ती चोरून खातात, आणि मी रोज ठरलेल्या वेळेला पाठ फिरवून भांडी घासते. सुतळी चार बोटं आत आली. साखर जागेवर, रक्तदाब जागेवर. डॉक्टरांनी विचारलं, गुण कशानं आला, तर आत्ती म्हणाल्या, "थोरलीच्या मायेनं. हिच्या हातात असतं तर केव्हाच गेले असते."

मी जळत नाही. आता तर जळायला ताकदच नाही, सगळी लाडू वळण्यात जाते.

आणि परवा काय झालं, मी परसात धुणं वाळत घालत होते. आत्ती आल्या, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, माझा हात ओढला आणि मुठीत काहीतरी कोंबलं. अर्धा लाडू. आपल्यातला, मोडून ठेवलेला. चार वर्षांत पहिल्यांदा. हळूच म्हणाल्या, "खा. आमच्यासंगं पथ्य करून तूबी वाळलीस बघ. थोरलीनं केलाय, गुळाचा. तिला सांगू नगो मी दिला म्हणून." मग मी खाताना जवळ उभ्या राहिल्या, तोंडाकडं बघत. "गोड हाय न्हवं?"

घास मेथीनं कडू झालेला. गिळला.

"व्हय आत्ती," म्हटलं, "अक्काच्या हाताला चवच आहे."