मान वर न करणारा जावई

नव्व्याण्णव साल होतं. कोल्हापुरात हाडांच्या दवाखान्यातल्या बाकावर सुष्मिता आपल्या नंबराची वाट बघत होती. शेजारी गडमुडशिंगीचं म्हातारं जोडपं बसलं होतं.

"डॉक्टर म्हणत्यात, जावयाचं मणकं एकमेकास्नी चिकटत चालल्यात. संधिवात हाय," म्हातारा सांगत होता.

"तरण्या पोराला संधिवात? मग पोरगी बघाय आलता तवा मान खाली घालून बसलावता, त्ये?"

"तूच म्हणलीस की, लाजाळू हाय."

"तुम्ही म्हणलासा, संस्कारी हाय! आन् मी गावभर सांगत सुटलो, आमचा जावई सासूफुडं मान वर करत न्हाय म्हणून."

"मग आता काय सांगायचं?"



डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. जावई बाहेर आला, तशी म्हातारी पदर सावरत उठून उभी राहिली.

"पावणं, जरा वर बघा की माझ्याकडं."

"मामी, तुम्ही खाली बसा. म्हंजे दिसशीला."