वैशालीने भरलेला फॉर्म

परळच्या समुपदेशन केंद्रात नलूताई नंबरची वाट बघत होत्या. बँकेतून निवृत्त झाल्या, तरी शेजाऱ्याच्या फॉर्मात डोकवायची खोड गेली नव्हती. बाजूला वैशाली लेकीचा फॉर्म भरत होती. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि लेक धावतच आली.

“मम्मी, मी वेडी नाहीये! माझ्या मैत्रिणीने, श्रेयाने शाळा बदलली तर मी आठवडाभर का जेवले नाही, कळलं!”

“हळू बोल, ओवी!”

“बघू फॉर्म. ‘पहिली चार वर्षं मुलाला कोणी सांभाळलं?’ आईने? मम्मी, चीटिंग!”

“मग काय लिहू?”

“रमामावशीने! शेजारच्या खोलीतल्या!”

“मला नोकरी होती गं. चाळीत सगळ्यांचं तसंच चालायचं.”

“त्याचा राग नाहीये. पण मला झोपेतच उचलून प्रभादेवीच्या नव्या घरी आणलंत. उठले तर मावशी गायब! कोणी काही सांगितलंच नाही.”

“तू तिला आई म्हणायचीस. मला म्हणायचीस, ‘मम्मी, तू जा.’”

“...मी?”

“रोज.”

“सॉरी ना. पण मला भेटायचंय तिला. आतल्या मॅडमपण म्हणाल्या, भेट!”

नलूताईंचा नंबर पुकारला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“शिवडीला असते ती आता,” वैशाली म्हणाली.

“वीस मिनिटं, टॅक्सीने! नंबर आहे?”

“पाठ आहे.”

“मग लाव ना! स्पीकरवर!”

“थांब गं... हॅलो, रमावहिनी? मी वैशाली. हो, हो, बरी आहे. घरी आहात ना? तुमच्या पोरीला घेऊन येतेय.”