हलू नकोस, तालुका जाईल!

...नाही, स्ट्रॉबेरीचं मला दुःख नाही! म्हणजे आहे, खोटं कशाला बोलू, आहेच! अर्धा तास हव्या तेवढ्या खा, मळ्यात बसून, तोडा आणि खा, वर घट्ट गोड दूध ओतून... महिला मंडळाची बस, साडेनऊला स्टेशनसमोरून सुटणार, खिडकीजवळची जागा मी आठवडाभर आधी सांगून ठेवलेली! आणि साडेनऊ वाजता मी कुठे? तर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, मार्च महिन्याच्या गारठ्यात, अनवाणी, पायाखाली मासे भाजायचा चांदीचा कागद, एक हात कठड्यावर, आणि आतून आमचे हे ओरडतायत, "हलू नकोस!"

आता तुम्ही म्हणाल, असं का? मीही तेच म्हणतेय, असं का!

तुम्हाला सांगते, निवृत्त झालेल्या माणसाला छंद हवा असं डॉक्टर म्हणतात. ह्यांना तो निवृत्तीच्या चाळीस वर्षं आधीपासून आहे, त्यामुळे डॉक्टरांना बोलायला जागाच राहिली नाही. हौशी रेडिओ! खोलीत बसायचं, माइक धरायचा, हवेतून दुसरा कुणी म्हातारा सापडला की त्याला विचारायचं, तुमच्याकडे हवामान कसं आहे? अहो, हवामान टीव्हीवर सांगतात की! पण टीव्हीला उलट उत्तर देता येत नाही ना...

बरं, ह्याला अँटेना लागतो. आणि आमच्या वसाहतीचा नियम काय? बाल्कनीत अँटेना लावायचा नाही. पण मासे पकडायचा गळ लावायचा नाही असं कुठेही लिहिलेलं नाही! म्हणून ह्यांनी आणली पाच मीटरची गळाची काठी, तिला बांधली वायर, आणि रोज सकाळी ती बाल्कनीतून बाहेर काढायची, काम झालं की आत घ्यायची. खालून पोस्टमन जातो, वर बघतो, विचारतो, "हागिवारासाहेब, आज काय लागतंय?" खाली समुद्र नाही हो! खाली सायकली लावतात!

आणि ती वायर! किती लांब हवी, ह्याचं काहीतरी गणित असतं. ह्यांनी बारा मीटर घेतली, रेडिओवरचा काटा लाल खुणेवर. अर्धा मीटर कापली, काटा लाल. आणखी कापली, काटा आणखीच लाल. मग कापलेले तुकडे डाग देऊन परत जोडले. आमच्या घरात अशी एक वायर आहे, जिच्यात वायर कमी आणि जोड जास्त! शेवटी ट्यूनर आणला. ट्यूनर म्हणजे काय, तर लग्न जुळवणारा मध्यस्थ समजा. मुलगा बुटका, मुलगी थोराड, आणि हा मध्ये बसून दोन्हीकडे सांगणार, "अगदी शोभून दिसतात हो!" वायर आहे तशीच राहते, रेडिओची समजूत तेवढी घातली जाते. वायर जोडली की ते खोकं आतल्या आत कट-कट-कट-कट करून शोधत बसतं, जमलं की गप्प होतं, नाही जमलं की त्याचा दिवा लुकलुकत राहतो. आमचा लुकलुकतच होता. का? तर म्हणे जमीन नाही, म्हणजे अर्थिंग. अहो, तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठून आणू? म्हणून मग माझा चांदीचा कागद, तीन अख्ख्या गुंडाळ्या, बाल्कनीभर अंथरला. तरी दिवा लुकलुक!

आणि एक दिवस मी टॉवेल काढायला गेले. अनवाणी. कठड्याला हात लावला... कट-कट-कट... गप्प! हे खुर्चीवरून उठले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू काय केलंस?"

"टॉवेल काढला."

"टॉवेल नाही! हात! हात ठेव परत!"

ठेवला, काटा खाली. काढला, काटा वर. ठेवला, काटा खाली. तोवरच्या बत्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही! मला वाटलं आता काहीतरी बोलणार. बोलले. "हलू नकोस!"

तेव्हापासून दोन वर्षं मी जमीन आहे. लोकांच्या बायका गृहिणी असतात, मी जमीन! बोटांना मुंग्या येतात, सांगितलं तर म्हणतात, "वा, म्हणजे जातंय सगळं व्यवस्थित!"

आता त्या दिवशीचं ऐका. आमच्या ह्यांनी देशातल्या सगळ्या तालुक्यांशी बोलायचं ठरवलेलं. विसाव्या वर्षी ठरवलं. पाचशेच्या वर तालुके! तिथे कुणीतरी रेडिओवाला असायला हवा, त्याने ह्यांना ऐकायला हवं, ह्यांनी त्याला ऐकायला हवं, की वहीत एक टिंब. सगळी टिंबं झाली. राहिला एक. कुसानागा तालुका. कुठल्याशा बेटावर, दोन गावं आणि मुळ्याची शेतं. आणि सरकारने काय ठरवलं? ती दोन गावं पलीकडच्या शहरात घालायची, एक तारखेपासून कुसानागा तालुका बंद! नकाशावरून गायब. मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी तिथून आवाज येणार नाही, कारण "तिथे" असं काही उरणारच नाही! आणि शेवटच्या दिवशी ओकायामाचे कुणी निशिओकाकाका रेडिओ घेऊन खास तिथे जाऊन बसलेले, सकाळी नऊपासून. बाराला बंद करणार, कारण साडेबाराची बोट.

हे मला म्हणाले, "पाचच मिनिटं उभी राहा. मग जा स्ट्रॉबेरी खायला."

पाच मिनिटं! ह्यांनी रेडिओचं बटण दाबल्याबरोबर कळलं मला. अहो, देशातले सगळे निवृत्त पुरुष एका वेळी आपापली अक्षरं ओरडत होते! अक्षरं म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव; ह्यांची युनिफॉर्म विस्की हॉटेल, म्हणजे यू, डब्ल्यू, एच. हे ओरडले, "विस्की हॉटेल!" त्याच वेळी तीनशे जण ओरडले. निशिओकाकाका त्यातून एखादा उचलायचे, "किलो किलो, बोला," की ते किलो किलो खूश, आणि बाकीचे परत सुरू. साडेनऊ वाजले. बस गेली. साडेदहा. म्हणजे तिथे दुसरा वाडगा चालू असेल. पाय बधिर. "अहो, जरा चप्पल..." "हलू नकोस!"

आणि अकरा वाजता समोरच्या इमारतीत, तिसऱ्याच मजल्यावर, बरोब्बर समोर, गादी वाळत घालायला आल्या त्सुगावाबाई. यंदाच्या वसाहत समितीच्या अध्यक्ष! नियमाच्या इतक्या पक्क्या, की कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी बाहेर ठेवली तर चिठ्ठी लावून परत दारात आणून ठेवतात. त्यांनी मला बघितलं. काठी बघितली. आणि वाकून नमस्कार केला.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? अध्यक्ष वाकतायत आणि मी खांबासारखी उभी? उद्या काठीवर चिठ्ठी लागेल! मी काय केलं, मान फक्त हलवली. एवढीशी. आत कट-कट.

"हलू नकोस!"

पण एवढीशी मान म्हणजे काय? उद्धटपणाच की तो! त्सुगावाबाईंना वाटलं असणार, ही रागावली आपल्यावर, परवा आमच्या कचऱ्याला लावलेल्या चिठ्ठीवरून. म्हणून त्या आणखी खाली वाकल्या. अगदी कमरेतून! अहो, मग मी काय करणार? माझे दोन्ही हात आपोआप मांड्यांवर आले. लहानपणापासून आईने लावलेलं वळण, त्यात हात कठड्यावर राहतच नाही! मी वाकले. आणि नेमकं त्याच क्षणाला आतून, स्वच्छ, निशिओकाकाकांचा आवाज, "शेवटी हॉटेल असलेलं स्टेशन! हॉटेल, बोला!"

ह्यांनी बटण दाबलं. कट-कट-कट-कट-कट-कट...

मी वर आले, तर त्या परत वाकलेल्या. मी परत वाकले. कट-कट-कट! मी वर, त्या खाली. त्या वर, मी खाली. "हॉटेल? हॉटेल नाही? बरं, पुढचे." चौथ्यांदा वर आले तेव्हा त्सुगावाबाई हसून आत गेल्या, आमचे संबंध इतके चांगले कधीच नव्हते.

मी आत बघितलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं हो! नुसते माइककडे बघत बसले, खांदे पडलेले. मला फार वाईट वाटलं. स्ट्रॉबेरी गेल्या त्याचा राग होता, पायाचा राग होता, सगळा राग होता, पण चाळीस वर्षं माणूस एका टिंबासाठी बसलाय, आणि ते टिंब मी नमस्कारात घालवलं! मी दोन्ही हातांनी कठडा पकडला. म्हटलं, आता प्रत्यक्ष पंतप्रधान वाकले तरी हलणार नाही. "ओरडा तुम्ही!"

ओरडले. पाऊण तास ओरडले. आणि पावणेबाराला ह्यांचा आवाज बसला. बसला म्हणजे कसा, तोंड उघडलं की किटलीची शिट्टी! "विस्की" म्हणायला जातात, फुस्स! "हॉटेल", फुस्स! निशिओकाकाका तिकडे म्हणतायत, "मंडळी, बोटीची वेळ झाली, आता शेवटचं एक." आणि हे माइक घेऊन धावत बाल्कनीत आले, माझ्या हातात कोंबला, आणि खुणा करायला लागले. बोल! तू बोल!

मी? अहो, लायसन्स माझंही आहे! कॉलेजात असताना परीक्षा दिली होती. आमची ओळख तिथेच झाली, रेडिओवर. ह्यांनी मला सांगितलं होतं, "तुमचा आवाज एकोणसाठ येतोय," म्हणजे सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात जोरात. मी तीन दिवस हवेत होते! लग्नानंतर कळलं, हे सगळ्यांनाच एकोणसाठ देतात. ऐकू आलं नाही तरी देतात! मग मी माइकला हात लावला नाही. लायसन्स तेवढं हे दर पाच वर्षांनी स्वतःच्या बरोबर भरून टाकतात, विम्यासारखं.

तर एक हात कठड्यावर, एका हातात माइक, मी बटण दाबलं. खोकं गप्प, काटा खाली, आणि मी अक्षरं म्हटली. कशी म्हटली मलाच माहीत नाही, आतून आपोआप आली, विशीत म्हणायचे तशीच, शेवटाला जरा सूर उचलून!

मग निशिओकाकाका, "अहो, बाईंचा आवाज! सगळे गप्प! बाई, बोला!"

आणि गप्प झाले हो! तीनशे पुरुष! आमच्या घरात दोन माणसं, तिथे माझं वाक्य कधी पूर्ण होत नाही, आणि इथे अख्खा देश श्वास रोखून! मी पुन्हा म्हटली अक्षरं. ते म्हणाले, "एकोणसाठ, कुसानागा तालुक्यातून." मी म्हटलं, "तुम्हीही एकोणसाठ, बोट सांभाळून पकडा." ते हसले, म्हणाले, "मंडळी, कुसानागा तालुक्यातून हे शेवटचं बोलणं. आता तालुका बंद करतो." आणि खरंच बंद!

मी ह्यांच्याकडे बघितलं. आधी चेहरा उजळला. मग थांबला. मग चेहऱ्याचं काहीतरी वेगळंच झालं. शिट्टीसारख्या आवाजात विचारलं, "तू... अक्षरं कोणती सांगितलीस?"

टँगो लिमा क्वेबेक.

माझी! माझी स्वतःची! अहो, दुसऱ्याची अक्षरं कधी म्हटलीच नव्हती तर तोंडात येणार कुठून? म्हणजे तालुका माझ्या नावावर. नियमच तो, ज्याची अक्षरं त्याचं टिंब! मी म्हटलं, "अहो, वहीत तुमची लिहा, कोण बघतंय?" माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं काही मी देवळाची घंटा चोरू या म्हटलं. इमानदारी! त्या काठीला गळ म्हणताना कुठे जाते ही इमानदारी?

आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं. "थांबा. ही माइकची वायर बाल्कनीपर्यंत येते? मग दोन वर्षं तुम्हीच इथे उभं राहून का नाही बोललात?" तर मान खाली घालून फुसफुसले, "मी उभा राहिलो की जमत नाही. करून बघितलंय. दिवाच लुकलुकतो."

तीन दिवस हे काही बोलले नाहीत. पहिला दिवस आवाज नव्हता म्हणून, पुढचे दोन दिवस मुद्दाम. मी मुळ्याचं लोणचं केलं, गप्प. मासा भाजला, गप्प. मला वाटलं, संपलं, टिंबापायी माझा संसार मोडतोय. चौथ्या दिवशी जेवताना वही उघडून बसले. माझ्यासाठी एक नवी वही आणली होती, तिच्यात माझी अक्षरं आणि खाली एकच टिंब. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाले,

"देशातले सगळे तालुके ह्या घरात आहेत. एक तेवढा तुझा आहे. म्हणजे आता आपल्याला कधीच वेगळं होता येणार नाही. संच फुटेल."

तुम्हाला सांगते, चौतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी प्रेमाचं म्हणून काही बोलला असेल, तर ते एवढंच! मी "बरं," म्हटलं, आणि भात वाढला.